मालमोटारीचा अपघात आणि घरच्यांचा हक्क

दिवेलागणीच्या सुमारास आपल्या गावच्या फाट्यावर पाच मिनिटे उभे राहून पाहा. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या कारखान्यांचा माल, लासूर-वैजापूरकडचा कांदा, पैठणकडचा ऊस, आणखी कुठकुठची सिमेंटची पोती, सारे काही मालमोटारींतून धावत असते. मालमोटार म्हणजे आपण रोजच्या बोलण्यात जिला ट्रक म्हणतो तीच. त्याच रस्त्याच्या कडेने दुधाच्या कॅना बांधलेली मोटारसायकल चाललेली असते, शाळेतून परतणारी मुले असतात, कामावरून घरी निघालेला एखादा सायकलवाला असतो. ह्या दोहोंची गाठ पडली की काय होते ते सांगायला नको. परंतु गाठ पडून गेल्यावर, तेरावा उरकल्यावर, त्या घराचे पुढे काय होते, आणि कायद्याने त्या घराला काय देऊ केले आहे, ह्याविषयी मी आज बोलणार आहे.

आरंभीच एक गोष्ट कबूल करतो. मी वकील नाही. एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. ह्या विषयाकडे मी वळलो तो माझ्या हातून झालेल्या एका चुकीमुळे.

वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नुकताच एम्. ए. झालो होतो. माझा थोरला चुलतभाऊ गवंडीकाम करीत असे. पस्तिशीही गाठली नव्हती त्याने. एका सकाळी सायकलवरून कामाला जाताना त्याला मालमोटारीने उडवले. मागे वहिनी, दोन लहान मुले आणि म्हातारी चुलती. दहाव्याच्या दिवशी गाडीमालकाचा माणूस आला. बोलायला गोड. त्याने चाळीस हजार रुपये काढून ठेवले आणि म्हणाला, "कोर्टकचेरीत जन्म जाईल. गेलेला माणूस काही परत येत नाही. हे घ्या आणि मिटवून टाका." घरातली मोठी माणसे दुःखाने आणि कर्जाने खचलेली. चाळीस हजार ही रक्कम त्या घराने एकगठ्ठा कधी पाहिलेली नव्हती. कागद करायचे ठरले. अक्षर चांगले आणि शिकलेला म्हणून तो कागद मी लिहिला. अपघात सायकलस्वाराच्या चुकीमुळे झाला, आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही, यापुढे आम्ही काही मागणार नाही, असे मी शुद्ध मराठीत लिहून दिले, वहिनीचा अंगठा घेतला आणि खाली साक्षीदार म्हणून सही केली.

दोन वर्षांत ते पैसे संपले. वहिनी मुलांना घेऊन ऊसतोडीला जाऊ लागली. मुलीची शाळा सातवीत सुटली. ती मुलगी आता दोन लेकरांची आई आहे. मागे एका लग्नात भेटली तेव्हा सहज बोलल्यासारखी म्हणाली, "काका, तो कागद तुम्हीच लिहिला होता ना?" तिच्या बोलण्यात राग नव्हता. पण त्या दिवसापासून मी ह्या कायद्याची पुस्तके उघडली. त्यांत जे सापडले ते आपल्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट अशी की अपघाताची नुकसानभरपाई हे कोणी केलेले उपकार नव्हेत. ह्या देशात १८५५ सालीच एक कायदा झाला की दुसऱ्याच्या निष्काळजीपणामुळे माणूस मेला तर त्याच्या बायकोमुलांना आणि आईबापांना भरपाई मागता येईल. परंतु त्यासाठी दिवाणी कोर्टात दावा लावावा लागे, आणि गरिबाला ते कुठून जमणार? पुढे १९३९ चा मोटार वाहन कायदा आला. रस्त्यावर गाडी आणणाऱ्याने तिसऱ्या माणसासाठी, म्हणजे रस्त्यावरून चालणाऱ्या तुमच्याआमच्यासाठी, विमा उतरवलाच पाहिजे, असे त्याने ठरवले. १९५६ च्या दुरुस्तीने ह्या दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणाची सोय झाली. आज चालतो तो १९८८ चा कायदा. तो १ जुलै १९८९ पासून अमलात आला आणि २०१९ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली. तेव्हा ध्यानात घ्या : गाडीमालक विम्याचा हप्ता भरतो तो ह्याच दिवसासाठी. आपण दावा केला म्हणजे त्याच्या पोराबाळांच्या तोंडचा घास काढला असे होत नाही. विमा चालू असेल तर पैसे विमा कंपनी देते. चालकाचा परवाना खोटा निघाला तरी कंपनीला एकदम हात वर करता येत नाहीत. मालकाने पॉलिसीची अट जाणूनबुजून मोडली असे सिद्ध झाले तरीही, पुष्कळ प्रकरणांत, कंपनीने आधी पीडिताला द्यावे आणि मग मालकाकडून वसूल करावे असा आदेश होतो. सर्वोच्च न्यायालयाने २००४ सालीच तसा मार्ग घालून दिला आहे.

दुसरी गोष्ट. सरकारी मदत निराळी आणि भरपाई निराळी. ह्याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले आहे. १५ ऑक्टोबर २०२३ रोजी, मध्यरात्र उलटून गेल्यावर, समृद्धी महामार्गावर वैजापूर तालुक्यात जांबरगावच्या पथकर नाक्याजवळ एक प्रवासी टेम्पो मालमोटारीवर मागून आदळला. बुलढाणा जिल्ह्यातील सैलानीबाबांचे दर्शन घेऊन नाशिककडे परतणारी ती माणसे होती. बारा जण गेले, वीसहून अधिक जखमी झाले. टेम्पोत आसनांपेक्षा पुष्कळ जास्त माणसे होती, आणि मालमोटार तपासणीसाठी रस्त्यात थांबवली गेली होती, असे त्या वेळी वृत्तपत्रांत आले. परिवहन खात्याच्या दोन अधिकाऱ्यांना अटकही झाली. मृतांच्या वारसांना राज्य सरकारने पाच लाख आणि पंतप्रधानांच्या निधीतून दोन लाख जाहीर झाले.

असे आकडे ऐकले की लोकांना वाटते, चला, मिळायचे ते मिळाले. तसे नाही. ही झाली सानुग्रह मदत. दोषी गाडीच्या मालकाकडून आणि विमा कंपनीकडून मागायची भरपाई तिच्याहून वेगळी असते आणि तिच्यासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो. शेतकऱ्याच्या घरी अपघाती मृत्यू झाला तर राज्य सरकारच्या शेतकरी अपघात योजनेतून दोन लाखांपर्यंत अनुदान मिळू शकते. त्यासाठीही अर्ज जरूर करावा. परंतु तो केला म्हणजे न्यायाधिकरणाचे दार बंद झाले, असे समजू नये.

अशा दोन गाड्यांच्या टकरीत आणखी एक प्रश्न येतो. चूक ह्याची की त्याची? मागच्याची, की दिवे न लावता रस्त्यात उभे राहणाऱ्याची? मालक एकमेकांकडे बोट दाखवतात आणि मधल्या मधे प्रवाशाचे घर बुडते. म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली स्पष्ट केले की ज्या प्रवाशाचा स्वतःचा काही दोष नाही, तो दोहोंपैकी कोणाही एकाकडून पूर्ण भरपाई मागू शकतो. त्यांनी आपापसातली वाटणी नंतर करावी. तेव्हा अर्जात दोन्ही गाड्यांचे मालक आणि दोन्हींच्या विमा कंपन्या घालाव्यात. एकीला सोडू नये.

आता भरपाई मोजतात कशी ते पाहू. कोर्ट दयाबुद्धीने आकडा लावते, असा पुष्कळांचा समज आहे. खरे म्हणजे तो आपल्या शाळेतला सातवीचा हिशेब आहे. गुरुजनांनी तो फळ्यावर मांडून दाखवावा म्हणून सांगतो.

समजा, ३४ वर्षांचा एक गवंडी आहे. महिन्याला १२,००० रुपये मिळवतो. घरी बायको, दोन मुले आणि आई, म्हणजे त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे चार. तो जगला असता तर त्याची मजुरी पुढे वाढलीच असती. म्हणून चाळिशीच्या आतल्या, स्वतंत्र धंदा वा मजुरी करणाऱ्या माणसाच्या उत्पन्नात शेकडा ४० मिळवतात. हा नियम सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी घालून दिला. झाले १६,८००. ह्यातून तो स्वतःवर खर्च करील तो भाग वजा. घरात चार ते सहा माणसे अवलंबून असतील तर चौथा हिस्सा वजा करतात. ४,२०० गेले, राहिले १२,६००. बारा महिन्यांचे झाले १,५१,२००. आता ह्याला वयाप्रमाणे एका आकड्याने गुणतात. हा तक्ता २००९ च्या एका निकालाने ठरला. पंचविशीपर्यंत १८, तिशीपर्यंत १७, पस्तिशीपर्यंत १६, चाळिशीपर्यंत १५, आणि पुढे उतरत उतरत पासष्टीनंतर ५. आपला गवंडी ३४ वर्षांचा, म्हणून गुणिले १६. उत्तर आले २४,१९,२००. अक्षरी चोवीस लाख एकोणीस हजार दोनशे रुपये. शिवाय अंत्यविधीचा खर्च, आणि पती, पिता, पुत्र गमावल्याबद्दल प्रत्येकाला ठरावीक रक्कम. २०१७ साली ती ४०,००० धरली गेली आणि दर तीन वर्षांनी तीत शेकडा १० वाढ करावी असेही त्याच निकालात सांगितले आहे. सगळ्यावर अर्जाच्या तारखेपासून व्याज देण्याचाही अधिकार न्यायाधिकरणाला आहे.

माझ्या भावाच्या वेळी मजुरी कमी होती आणि हिशेबाची रीतही इतकी ठरलेली नव्हती. तेव्हा चोवीस लाख मिळाले असते असे मी म्हणत नाही. पण श्रोतेहो, चाळीस हजारांत ते घर विकले गेले आणि विक्रीखत मी लिहिले, हे खरेच आहे.

इथे कोणी विचारील की मजुराकडे पगाराचे पत्रक कुठे असते? नसले तरी दावा अडत नाही. २०११ साली एका मजुराच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की अशा माणसाकडून कागदी पुराव्याची अपेक्षा करता येत नाही. त्या काळची, त्या भागातली मजुरी लक्षात घेऊन उत्पन्न धरावे. तरीही कागद असला तर आकडा बळकट होतो. दूध संकलन केंद्राच्या पावत्या, बाजार समितीची कांद्याची पट्टी, मुकादमाच्या वहीतली उचल, रोजगार हमीच्या कामाची नोंद, बँकेचे पासबुक, सातबारा, हे सारे जपून ठेवा. शोकाच्या भरात जुन्या वह्या रद्दीत जातात. त्या रद्दीत घराचे पैसे असतात.

आणि घरची लक्ष्मीच गेली तर? "ती काय कमवत होती?" असा प्रश्न विमा कंपनीचा वकील विचारतो. पहाटे उठून भाकरी थापणारी, पाणी भरणारी, जनावरांचे शेणगोठा करणारी, मुलांना वाढवणारी बाई काही कमवत नाही, असे कायदा मानत नाही. २०२१ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या कामाचे मोल धरलेच पाहिजे आणि त्यातही पुढची वाढ मिळवली पाहिजे असा निर्णय दिला. तेव्हा बाई गेली म्हणून दावा करू नये, हा समज काढून टाका.

जखमी माणसाचेही तसेच. डॉक्टरांनी शेकडा ४० अपंगत्व लिहिले म्हणजे भरपाई शेकडा ४० च, असे नाही. त्या दुखापतीने त्या माणसाच्या धंद्यात किती खोट आली हे पाहतात. माझ्यासारख्या शिकवणाऱ्याचा पाय अधू झाला तर मी खुर्चीवर बसून शिकवीन. गवंड्याचा उजवा हात गेला तर त्याचा धंदाच गेला. कागदावरचा आकडा कमी असला तरी त्याचे नुकसान जवळजवळ पुरे धरावे लागते. म्हणून दवाखान्याच्या चिठ्ठ्या, औषधांची बिले, क्ष-किरणाची छायाचित्रे ह्यांतला एकही कागद टाकू नये. उपचाराबाबत आणखी एक सोय झाली आहे. मे २०२५ पासून केंद्र सरकारच्या योजनेनुसार रस्ता अपघातातील जखमीवर, अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार नेमलेल्या रुग्णालयांत पैसे न भरता होऊ शकतो. दवाखान्यात पाऊल ठेवताच हे विचारा. आणि जखमीला उचलून नेणाऱ्याने पोलिसांचे भय बाळगू नये. मदत करणाऱ्यावर खटला वा दावा लावता येत नाही, आणि इच्छा नसेल तर त्याला नावगाव सांगण्याचीही सक्ती नाही, असे कलमच आता कायद्यात आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. इतका हक्क असताना घरे बुडतात कशी? माझ्या पाहण्यात दावे कोर्टात हरत नाहीत इतके ते पहिल्या दहा दिवसांत, ओसरीवर आणि ठाण्याच्या पायरीवर हरतात.

पहिले म्हणजे गाडीचा क्रमांक. क्रमांक नाही तर मालक नाही, मालक नाही तर विमा नाही. माझ्या भावाच्या फिर्यादीत 'अज्ञात वाहन' एवढेच राहिले. मालकाचा माणूस घरी येऊन बसला होता तरी कागदावर त्या गाडीचा पत्ता नव्हता. नंतर कळले की माझा तो कागद म्हणजे काही ब्रह्मलिखित नव्हते. अज्ञान मुलांचा हक्क अशा कागदाने सहजासहजी बुडत नाही. पण तोवर क्रमांक सांगणारे साक्षीदार पांगले होते. म्हणून अपघात दिसताच जो कोणी असेल त्याने क्रमांक लिहून घ्यावा, भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढावे, जवळच्या पंपावर वा दुकानावर कॅमेरा असेल तर त्याचे चित्रण जपायला पोलिसांना लेखी सांगावे.

दुसरे म्हणजे फिर्याद. लिहून झाल्यावर ती वाचून घ्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा, आणि मगच सही करा. तिची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. घटनास्थळाचा पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल ह्यांच्याही प्रती मिळवा. नव्या नियमांप्रमाणे पोलिसांनी अपघाताची पहिली माहिती ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा आहे. तो गेला की नाही ह्याची चौकशी करणे हा आपला हक्क आहे. चालकावरचा फौजदारी खटला निराळा चालतो. तिथे तो सुटला तरी भरपाईचा दावा आपोआप बुडत नाही, कारण दोन्हीकडची पुराव्याची कसोटी सारखी नसते.

तिसरे म्हणजे मुदत. पूर्वी अर्जाला मुदत नव्हती, म्हणून लोक वर्षानुवर्षे थांबत. १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत आली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. पण शहाण्याने सहा महिने म्हणजे सहा महिने असे धरूनच चालावे. वर्षश्राद्धाची वाट पाहू नये.

अर्ज कुठे करायचा? अपघात पुण्याजवळ झाला म्हणून पुण्याला खेपा घालण्याची गरज नाही. जिथे अपघात झाला तिथे, किंवा आपण राहतो तिथे, किंवा समोरचा राहतो तिथे, ह्यांपैकी आपल्याला सोयीचे ते न्यायाधिकरण निवडता येते. आपल्याकडे हे काम जिल्हा न्यायालयात चालते. वकिलाला द्यायला पैसे नाहीत, तर त्याच इमारतीत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी असते. स्त्रिया, मुले, अनुसूचित जातीजमातींची माणसे ह्यांना उत्पन्न न पाहता फुकट वकील मिळतो.

अर्ज दोन तऱ्हांचे आहेत, हेही समजून घ्या. चूक कोणाची ते सिद्ध न करता मृत्यूबद्दल पाच लाख आणि जबर दुखापतीबद्दल अडीच लाख मागता येतात. हा मार्ग जलद. पण ती रक्कम एकदा रीतसर स्वीकारली की चूक सिद्ध करून पूर्ण भरपाई मागण्याचा दुसरा दावा संपतो. म्हणून आधी फळ्यावरचा हिशेब करून पाहावा आणि मग वाट निवडावी. लोकअदालतीतही तेच. तडजोड चांगली, वेळ वाचतो, परंतु तिथल्या निवाड्यावर अपील नाही. आपला आकडा माहीत असलेल्या माणसानेच तडजोडीला बसावे.

गाडी पळूनच गेली, क्रमांक कोणालाच दिसला नाही, तर काय? अशा वेळी कोणी येऊन सांगतो, "दुसऱ्या एका गाडीचे नाव घालू, विमा मिळेल." हे कदापि करू नका. असले खोटे दावे उघडकीस येतात, आणि त्यांच्यामुळे खऱ्या दावेदाराकडेही संशयाने पाहिले जाते. सरळ मार्ग आहे. पळून गेलेल्या अज्ञात वाहनाच्या अपघातात मृत्यूबद्दल दोन लाख आणि जबर दुखापतीबद्दल पन्नास हजार रुपये मिळतात. अर्ज महसूल खात्याकडे, तालुक्याच्या वा उपविभागाच्या चौकशी अधिकाऱ्याकडे द्यायचा. मंजुरी जिल्हाधिकारी देतात.

आता आपल्या भागातल्या एका दुखण्याविषयी थोडे कठोर बोलतो. दसरा-दिवाळीला मालमोटारीत आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार भरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. लग्नसराईत वऱ्हाड टेम्पोच्या हौद्यात उभे राहून जाते. ती गाडी उलटली तर? मालवाहू गाडीत फुकट बसवून नेलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिला आहे. आपल्या मालाबरोबर बसलेला मालाचा धनी, किंवा गाडीवर कामाला असलेला मजूर, ह्यांची गोष्ट निराळी. पण वऱ्हाडी आणि यात्रेकरू ह्यांना वसुलीसाठी गाडीमालकाच्या मागे लागावे लागते, आणि त्याच्याजवळ ती एक मोडकी गाडीच काय ती असते. प्रवासी गाडीतही परवान्यापेक्षा जास्त माणसे कोंबली की विमा परवान्यातल्या संख्येपुरताच उभा राहतो. एसटीचे वा प्रवासी गाडीचे भाडे जास्त पडते हे मला ठाऊक आहे. परंतु टेम्पोत वाचवलेल्या शेदोनशे रुपयांसाठी आपण घराचा विमा गमावतो, हेही ठाऊक असावे.

आणि चालकाला सगळ्यांनी शिव्या द्याव्यात हेही बरे नव्हे. रात्रंदिवस स्टिअरिंगवर बसणारा तोही बहुधा आपल्यासारख्याच एखाद्या गावचा असतो. तो वा त्याचा क्लीनर कामावर असताना अपघातात गेला, तर कामगारांच्या नुकसानभरपाईच्या कायद्याप्रमाणे त्याच्या घरच्यांना मालकाकडे मागता येते. तिथे चूक कोणाची हा प्रश्न सहसा आड येत नाही. एकाच मृत्यूबद्दल ह्या आणि मोटार कायद्याखाली दोन्हीकडे मात्र मागता येत नाही.

शेवटी पैसे मिळाल्यावर. मोठी रक्कम गावात आली की तिला पाय फुटतात. दीर, भाऊ, सावकार, जमिनीचे दलाल, सारे दारी येतात. म्हणून न्यायाधिकरण बहुतेक वेळा अज्ञान मुलांचा वाटा ते सज्ञान होईपर्यंत बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवायला लावते आणि विधवेच्या वाट्याचाही काही भाग तसाच ठेवते. लोकांना ह्याचा राग येतो. पण ती ठेव म्हणजे त्या मुलाच्या शाळेला घातलेले कुंपण आहे. दर महिन्याच्या व्याजावर घर चालू द्या, मुद्दलाला हात लावू नका.

गुरुजनहो, आपल्याकडे माझे एक मागणे आहे. गावात कागद वाचणारा पहिला माणूस आजही शाळेतच सापडतो. दुःखाच्या घरी आपल्याला बोलावले जाते, पुष्कळदा 'एवढे लिहून द्या' म्हणूनच बोलावले जाते. अशा वेळी लेखणी उघडण्याआधी चार गोष्टी विचारा : गाडीचा क्रमांक काय, फिर्यादीची प्रत कुठे आहे, गेलेल्याचे वय आणि मिळकत काय होती, आणि आज अपघाताला किती दिवस झाले? एका वहीच्या पानावर ही उत्तरे लिहा, तारीख घाला, आणि ते पान त्या घरच्या बाईच्या हाती द्या. तडजोडीचा कागद कोणी पुढे केला तर म्हणा, "आधी विधी सेवा प्राधिकरणात जाऊन येऊ, मग पाहू." एवढे म्हणायला कायद्याची पदवी लागत नाही.

मला त्या दिवशी एवढेच म्हणता आले असते. अक्षर चांगले असून भागले नाही, विचारायचे काय ते ठाऊक नव्हते. वहिनी आता थकली आहे. तिच्या नातवंडांची शाळा चालू आहे, आणि त्यांच्या फीची सोय मी करतो. त्याने तो कागद काही पुसला जात नाही. म्हणून आज इथे बसून आपल्याला सांगितले. आपल्या गावात असा कागद लिहिण्याची वेळ आली, तर लिहिणाऱ्याचा हात क्षणभर थांबावा, एवढीच इच्छा.